कमरेचा चाकू

नवा माणूस भेटला की आपण त्याचं नाव विचारतो, गाव विचारतो, फार तर जेवलात का म्हणून विचारतो. आबा विचारायचे, "चाकू हाय का? दाव."

जंगल खात्याच्या लोणावळ्याच्या हपिसात मी गार्ड म्हणून रुजू झालो, त्या सकाळी मलाही हाच प्रश्न आला. मी तळेगावचा, सातवी पास. अंगावर नवीकोरी खाकी, पायात करकरणारे बूट. हपिसाच्या पडवीत पन्नाशी ओलांडलेला एक वाळका गार्ड उकिडवा बसला होता. ना राम राम, ना बस म्हणणं. "चाकू दाव." मी ऐटीत खिशातून चाकू काढला. बंगलेवाले साहेबलोक ज्या दुकानात खरेदी करायचे, तिथून घेतलेला होता तो. पांढरी हाडाची मूठ, मिटणारी दोन पाती, वर बाटलीचं बूच काढायचा स्क्रू. मी तो पुढे केला, तर म्हातारा आपला हात मागे घेतो! "भुईवर ठेव," म्हणाला. चाकू हातात द्यायचा नाही, हातातून घ्यायचा नाही, वैर येतं, हे त्यांचं शास्त्र. ठेवला बाबा भुईवर. त्यांनी उचलला, पातं उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं आणि चार माणसांदेखत म्हणाले, "ह्याची कंबर मोडल्याली हाय लेका. पेन्शली तासाया ठेव."

चारही माणसं हसली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. नोकरीचा पहिला दिवस होता म्हणून गप्प बसलो. आज इतकी वर्षं झाली, सगळं आयुष्य होऊन गेलं, पण ते हसणं आठवलं की अजून कानशिलं तापतात.

सगळं खातं त्यांना आबा म्हणायचं. आंदर मावळातल्या एका वाडीचे ते. हुद्दा माझाच, गार्डचा. पण तीस वर्षं त्याच डोंगरांत काढलेली, त्यामुळे नवा माणूस आला की त्याला तयार करायचं काम त्यांच्याकडे. आणि तयार करायचं म्हणजे काय, तर आधी त्याला चाकू निवडून द्यायचा. झाडं ओळखायला शिकवणं नंतर, हद्दीचे दगड दाखवणं नंतर, आधी चाकू.

खातं आम्हाला कोयता द्यायचं. फांद्या तोडायला, करवीच्या झुडपांतून वाट काढायला तो लागायचाच. पण कोयत्याने सगळी कामं होत नाहीत. रोपांना आधाराच्या खुंट्या तासायच्या, बांबू चिरून कांबी काढायच्या, दोर कापायचा, पायातला काटा काढायचा, वहाणेचा तुटलेला अंगठा सांधायचा, कांदा चिरायचा, या सगळ्याला कमरेला दुसरं लहान पातं हवं. ते ज्याचं त्याने आणायचं. आबा म्हणायचे, "कोयता सरकारचा. ग्येला तर सरकार दुसरा दील. चाकू आपला." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेत कुणी विचारलं तर म्हणून दाखवीन.

बरं, चाकू घ्यायचा तर घ्यावा आणि मोकळं व्हावं ना? नाही! माझ्या चाकूला कामशेतचे तीन बाजार लागले. तीन आठवडी बाजार! पहिल्या बाजारी लोहारापुढे मला नुसतं उभं केलं, माझी मूठ उघडायला लावली, मिटायला लावली आणि गवताच्या काडीने माझी चार बोटं मापली. चार बोटांच्या रुंदीइतकं लांब पातं, त्याहून तसूभर जास्त नाही. "लांब झालं तर कोयत्याची नक्कल, आखूड झालं तर कान कोराया." तेवढं माप दिलं आणि आम्ही परत. मी म्हटलं, "आबा, हे माप मीच घरी घेतलं असतं की." तर म्हणतात, "तुजी मूठ तुला काय म्हाईत!"

दुसऱ्या बाजारी लोखंड. लोणावळ्याच्या रेल्वे शेडमधल्या एका फिटरकडून आबा झिजून टाकून दिलेल्या कानशी आणायचे. कानशीचं पोलाद धार धरतं, बाकी सगळं पत्रा, असा त्यांचा हिशेब. लोहार पातं ठोकत असताना हे भट्टीशेजारी बसून डोळ्यांची पापणीसुद्धा हलवायचे नाहीत. पात्याची पाठ भाकरीच्या काठाइतकी जाड हवी. पातं मुठीतून आरपार, पार शेवटापर्यंत गेलेलं हवं, अर्ध्यात संपलेलं नको. मूठ खैराची किंवा बाभळीची, आणि तिला अजिबात चकाकी नको. लोहार बिचारा कातावून म्हणाला, "आबा, माज्या बापानं बी माजी एवडी परीक्षा घेतली न्हवती."

"तुज्या बापाला गरज न्हवती. त्यो चाकू चांगलं करायचा."

लोहाराने हातोडा असा काही आपटला की मी दोन पावलं मागे झालो.

तिसऱ्या बाजारी तर माझी धिंडच काढली. चाकू तयार होता. मी म्हटलं, चला, सुटलो. आबांनी माझ्या तळहातावर गोडं तेल ओतलं. भर बाजारात! आणि म्हणाले, "आता हा बांबू चीर. वल्या हातातनं सुटला तर परत मूठ घालायची." बाजार जमला. कांदेवाल्या बाया, मेंढ्या विकायला आलेला धनगर, सगळे बघतायत, आणि मी, सातवी पास, खाकीतला सरकारी माणूस, तेलकट हाताने बांबू चिरतोय. चाकू सुटला नाही. आबांनी मूठ निरखली, मान हलवली, तिच्या टोकाला लाल चिंधी बांधली, म्हणजे गवतात पडला तर दिसेल. मग झोळीतून भाकरी आणि कांदा काढून पुढे ठेवला. नव्या पात्याने पहिल्यांदा खायचं काहीतरी कापायचं, आणि ते सगळ्यांनी मिळून खायचं. मी कांदा कापला. लोहाराने खाल्ला, आबांनी खाल्ला, आणि रागारागाने मीही खाल्ला.

आता असल्या माणसाला काय म्हणावं? लोक म्हणायचे छांदिष्ट. मी म्हणायचो छळवादी.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, चाकू राहायचे. एका गार्डाला ते 'गंज्या' म्हणायचे, दुसऱ्याला 'बोथट'. बोथट रिटायर झाला, त्याला नातवंडं झाली, तरी तो बोथटच. धार बघायची तर डाव्या हाताच्या मनगटावरचे केस कापून बघायचे, त्यामुळे त्यांचा डावा हात कोपरापर्यंत तुळतुळीत. कुणाच्या घरी जेवायला बसायच्या आधी विळी मागवायचे. धार गेलेली असली तर पान तसंच ठेवून मागल्या दारी दगडावर विळी घासत बसायचे. आधी घरधनीण फणफणायची, आमच्यात खोट काढता का म्हणून. आणि पुढच्या खेपेला शेजारणींच्या चार विळ्या गोळा करून ठेवायची! त्यांची बायको, तिला आम्ही मावशी म्हणायचो, ती मला एकदा म्हणाली, "लगीन झाल्यापास्नं माज्याकडं बगितलं नसंल इतकं त्या पात्याकडं बगत्यात. मी बी आता इच्चारत न्हाई."

एकदा आम्ही दोघे वडेश्वरच्या बाजूला निघालो होतो. टाकव्याच्या चौकीत मी चाकू विसरलो आणि दीड तास चालून गेल्यावर ते माझ्या लक्षात आलं. मी गप्पच राहणार होतो, पण यांचं लक्ष माझ्या कमरेकडे.

"चाकू कुटं हाय?"

"राहिला चौकीत. कोयता आहे ना, आबा."

"कोयत्यानं काटा काडतूस व्हय? जा. घिऊन ये."

"आबा, दीड तास जायला, दीड तास यायला!"

"मंग बिगीबिगी जा."

गेलो. काय करणार! वाटेत त्यांच्या सगळ्या कुळाचा उद्धार केला. परत आलो तेव्हा ऊन माथ्यावर आलेलं, पोटात कावळे. बघतो तर आबा त्याच दगडावर बसलेले, भाकरीचं फडकं तसंच बांधलेलं. माझ्यासाठी थांबले होते, घास खाल्ला नव्हता. त्याचा मला जास्त राग आला. निदान खाल्लं असतं तर नीट भांडता तरी आलं असतं.

एक कबूल करतो, आणि कबूल करतानाही दात-ओठ खातोय: चाकू अप्रतिम होता. पुढची तीन वर्षं मी त्याच एका पात्यावर काढली. पावसाळ्यात राजमाचीच्या रानात हात बधिर झाले तरी तो सुटला नाही. बांबूत पातं रोवायचं, पाठीवर लाकडाने ठोकायचं, की कांब सरळ निघायची. कितीही पिरगाळा, मूठ हलायची नाही. माझा तो हाडाच्या मुठीचा विलायती चाकू हपिसात टेबलावर पडून असायचा. पाकिटं फोडायला, पेन्सिली तासायला. म्हणजे आबांनी सांगितलं होतं त्याच कामाला. रानात तो मी एकदाही नेला नाही. का नेला नाही, ते मला पक्कं ठाऊक होतं. एकदा चौकीमागे सहज काटकी फोडायला घेतला, तर जरासं पिरगाळल्याबरोबर पातं फटकन मिटलं. अंगठा थोडक्यात वाचला.

हे नीट लक्षात ठेवा. मला ठाऊक होतं.

मग पुण्याहून नवे रेंजर साहेब आले. माणूस वाईट नव्हता हो, पण डोळ्यांनी विचार करणारा. काय कसं दिसतं यापलीकडे काही नाही. वरिष्ठ साहेबांची तपासणी येणार म्हणून त्यांनी आम्हा सगळ्यांना पडवीपुढे ओळीने उभं केलं. बक्कल, पट्टा, बूट बघत आले आणि कमरेपाशी अडले. प्रत्येकाचा चाकू निराळा! कुणाची मूठ काळी, कुणाची लाल, कुठे कातड्याचं म्यान, कुठे गोणपाटाचं, आणि वर त्या लाल चिंध्या. साहेबांनी तोंड वाकडं केलं. "हे काय? गार्ड आहात की धनगर? युनिफॉर्म म्हणजे सगळं एकसारखं. चाकूसुद्धा."

त्याच दुपारी ते माझ्या टेबलापाशी आले. हपिसात बरं अक्षर माझं एकट्याचं, म्हणून लिहिण्याचं कामही माझ्याकडे असायचं. मी टपालाचं पाकीट फोडत होतो, त्या हाडाच्या चाकूने. साहेबांनी तो उचलला, उन्हाला धरला.

"वा! याला म्हणतात चाकू. मिटला की खिशात, उघडं पातं दिसायला नको. तुमची निवड?"

"हो, साहेब."

"चांगली नजर आहे तुम्हाला. जंगलाच्या कामाला चालतो ना?"

अहो, इतका सरळ प्रश्न! हो किंवा नाही. आणि मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, "उत्तम चालतो, साहेब."

का म्हणालो? तीन वर्षांत माझ्या निवडीला कुणी पहिल्यांदा चांगलं म्हटलं होतं, म्हणून. पडवीत चार माणसं हसली होती, म्हणून. दुसरं काही कारण नाही, आणि मी ते शोधणारही नाही. साहेब म्हणाले, "मग हाच नमुना पाठवतो." नमुन्यासोबतचा कागद मीच लिहिला आणि खाली 'नमुना वापरून पाहिला, कामास योग्य आहे' म्हणून सही मीच केली.

दोन महिन्यांनी पेटी आली. चाकू माझ्या चाकूसारखेच दिसणारे, फक्त हाडाच्या जागी शिंगाची मूठ आणि पितळी साखळी. हुकूम असा, की घरचे चाकू हपिसात जमा करायचे, कामावर खात्याचाच चाकू वापरायचा, आणि घरचा सापडला तर शिक्षा. सगळ्यांनी जमा केले. आबा उठले नाहीत.

साहेब आत गेले तेव्हा मी आबांपाशी जाऊन बसलो. त्यांना रिटायर व्हायला दोन वर्षं होती. धाकट्या मुलीचं लग्न व्हायचं होतं. हुकूम मोडला म्हणून काढलं असतं तर तीस वर्षांची नोकरी पाण्यात. हे सगळं मी त्यांना समजावून सांगितलं, फार शहाण्यासारखं. म्हटलं, "आबा, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. एका चाकूपायी पेन्शन घालवू नका."

"ह्यो चाकू तुजाच नमुना ना?"

"हो."

"तू रानात वापारलायस?"

मी म्हटलं, "चालून जातं, आबा."

आबा मग उठले, म्यानातून आपला चाकू काढला, साहेबांच्या टेबलापाशी जाऊन भुईवर ठेवला. साहेब म्हणाले, "टेबलावर ठेव, खाली काय ठेवतोस?" आबा म्हणाले, "न्हाई सायेब, हितंच ठेवतू." आणि खात्याचा चाकू खिशात घालून कामावर निघून गेले. मला एक शब्द बोलले नाहीत. जो माणूस विळीच्या धारेवरून लोकांच्या घरात भांडणं करायचा, त्याने माझ्या सांगण्यावरून हत्यार खाली ठेवलं! भांडा की! ओरडा की माझ्यावर! इतर वेळी जीव नकोसा करता, मग त्याच दिवशी बरी तुमची जीभ टाळ्याला चिकटली!

आषाढात ते झालं. शिरोत्याच्या बाजूला रोपवाटिकेसाठी आबा बांबूच्या कांबी काढत होते. मी तिथे नव्हतो, सोबतच्या मजुरांनी सांगितलं ते असं. ओला बांबू, पातं गाठीत अडकलं. आबांनी तीस वर्षांच्या सवयीने मूठ पिरगाळली. पातं मिटलं. उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांवर मिटलं, आणि पातं नवं असल्यामुळे धार चांगली होती.

मजुरांनी त्यांना झोळीत घालून लोणावळ्याला आणलं, पण पावसात ओढे भरलेले, पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. जखम चिघळली. डॉक्टर म्हणाले, हात वाचवायचा असेल तर दोन बोटं काढावी लागतील. काढली.

तुम्हाला वाटेल, आता तरी खातं हबकलं असेल. छे! चौकशीचा कागद आला. काय विचारलं होतं त्यात? चाकू कसा होता, हे नाही. 'सरकारी चाकूचा गैरवापर का केला, याचा खुलासा करावा.' गैरवापर! बांबू चिरायला दिलेल्या चाकूने बांबू चिरला, हा गैरवापर! मग काय त्याने पाकिटं फोडायची होती रानात? आणि जबानी लिहून घ्यायला पाठवलं कुणाला, तर मला. अक्षर बरं ना माझं.

दवाखान्याच्या ओसरीवर आबा बसले होते. उजवा हात बांधलेला, कोपरापर्यंत सुजलेला. मावशी शेजारी बसून त्यांना भात भरवत होती. तीन वर्षांत मी त्यांना दुसऱ्याच्या हातून खाताना कधी पाहिलं नव्हतं. मी कागद काढला आणि म्हटलं, "आबा, सांगा. चाकू खराब होता, असंच लिहितो."

"नमुन्याच्या कागदाखाली सई कुनाची हाय?"

मी कागद मांडीवर सरळ करायला लागलो.

"तुजी हाय. चाकू वंगाळ म्हनलं तर आधी तुला धरत्याल. तुजी नोकरी कालची. म्हातारी आय हाय तुजी तळेगावला." त्यांनी डोळे मिटले. "लिव. चाकू चांगला हाय. हात माजा चुकला."

"आबा, हे खोटं आहे."

"लिव म्हंतू ना!"

मावशीने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि पुन्हा भात कालवायला घेतला. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी चिडलो, त्यांच्यावर चिडलो. म्हटलं, हा काय हेकटपणा, सगळं आयुष्य चाकू-चाकू करून आमचा जीव खाल्लात आणि आता खरं बोलायची वेळ आली तर माझ्यावर उपकार करताय? कुणी मागितले होते? असं खूप बोललो. आणि इतकं सगळं बोलून झाल्यावर, लिहिलं. स्वच्छ, वळणदार अक्षरात लिहिलं: चाकू उत्तम आहे, चूक माझ्या हाताची आहे. त्यांनी डाव्या अंगठ्याचा ठसा उमटवला. साहेबांनी तो कागद पुढे पाठवला. नोकरी माझी राहिली.

आबांची मात्र गेली. कोयता न धरता येणारा गार्ड खात्याला काय कामाचा! दोन वर्षं कमी पडली म्हणून पेन्शनही कमी, आणि चूक त्यांनी स्वतःच कबूल केलेली, म्हणून वर काही मागायची सोय नाही. ते आपल्या वाडीला निघून गेले. मी भेटायला गेलो नाही. तोंड कुठलं होतं मला?

चार महिन्यांनी टपालात एक कागद आला. मीच फोडला. शेजारच्या तीन रेंजसाठी तेच चाकू मागवायचं ठरलं होतं, आणि त्याचं कारण खाली लिहिलं होतं: 'जखमी झालेल्या अनुभवी गार्डानेही हा चाकू उत्तम असल्याची लेखी जबानी दिलेली आहे.' नक्कल सोबत. नक्कल माझ्याच अक्षराची होती.

त्या दिवशी मी हपिसात काय काय आपटलं ते विचारू नका.  आणखी शंभर-दीडशे हात त्या मिटत्या पात्याखाली जाणार, आणि ते सुद्धा आबांच्या अंगठ्याच्या जोरावर! ज्या माणसाने तीस वर्षांत एकाच्याही कमरेला वाईट चाकू राहू दिला नाही, त्याचं नाव लावून! खात्याचा राग आला, साहेबांचा आला, आबांचा आला. पण राग काढून काढून शेवटी कुठे जाणार? सगळे रस्ते माझ्याच टेबलापाशी येऊन थांबत होते.

मी बसलो आणि लिहिलं. नमुना माझा आहे. तो मी रानात कधीही वापरला नव्हता. तो पिरगाळला की मिटतो हे मला आधीपासून माहीत होतं. साहेबांनी कौतुक केलं म्हणून मी चांगला आहे म्हणून सांगितलं. आबांची जबानी खोटी आहे, ती त्यांनी मला वाचवायला दिली आणि ती खोटी आहे हे माहीत असताना मी लिहून घेतली. खाली पूर्ण नाव घातलं, सही केली. त्या कागदामुळे पुढचे चाकू थांबले, आणि माझी पगारवाढ रोखून मला खानदेशात धाडलं, ते नंतर. पण पाठवण्याआधी कागद आबांना वाचून दाखवायचा, एवढं मी ठरवलं होतं.

सकाळी निघून दुपारी त्यांच्या वाडीला पोहोचलो. आबा अंगणात बसले होते. मी कागद काढला आणि उभ्या उभ्या वाचला. सगळा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मावशी दारात येऊन थांबली होती.

"झालं?" आबांनी विचारलं.

"झालं."

"सगळं खरं लिवलंयस."

"हो, आबा."

त्यांनी मान वर केली. तीन वर्षं मला राबवताना, टोचताना, बाजारात हसं करताना कधी दिसला नव्हता, असा राग होता त्यांच्या डोळ्यांत.

"मंग हे त्या सायबानं इच्चारलं तवाच सांगाया काय झालतं तुला? येवडं लिवाया माजी दोन बोटं लागली व्हय रं?"

मी हो म्हणालो.